हिंदी डब लावू द्यावा का, आणि चांगला डब ओळखायचा कसा?

इंदूरच्याच एका ताईंनी विचारलं आहे: घरी मराठी, मुलांची शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि गल्लीत, रिक्षात, दुकानात हिंदी. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी दहाची. दोघांनाही ॲनिमेशनचे चित्रपट हिंदीतच हवे असतात. यजमान म्हणतात, मूळ इंग्रजीत लावा, डबिंग म्हणजे नक्कल. सासरे म्हणतात, या हिंदीपायीच पोरांचं मराठी बिघडतंय. कोणाचं ऐकायचं? शिवाय मुलगी दिवसभर त्या पात्रांचे आवाज काढत फिरते, तर तिला यात पुढे काही करता येईल का?

मी इंदूरच्या रामबागेत वाढलेला. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये बरीच वर्षं हिंदी डबिंगचे संवाद लिहिले आणि काचेच्या अलीकडे बसून कलाकारांकडून ते बोलवूनही घेतले. म्हणजे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण वाईट डबिंगवर सगळ्यात जास्त चिडणारी जमातही आमचीच.

धाकट्यापुरतं उत्तर सोपं आहे: हिंदी लावा. सहा वर्षांच्या मुलाला सबटायटल वाचणं जमत नाही, आणि शाळेत शिकवलेलं इंग्रजी वेगळं, तीन पात्रं एकमेकांचं बोलणं तोडत अमेरिकन उच्चारांत भांडतात ते इंग्रजी वेगळं. अशा वेळी मूल चित्रावरून गोष्ट ताडतं, आणि हसायची वेळ आली की तुमच्या तोंडाकडे बघून हसतं. त्याला अख्खा सिनेमा मिळू द्या. इंग्रजी शिकायला त्याच्यापुढे सगळी शाळा पडली आहे.

मोठीची गोष्ट निराळी. दहाव्या वर्षी ती दोन्ही पाहू शकते, आणि खरं तर तिने दोन्ही पाहावं. आवडलेला चित्रपट मुलं दहा वेळा बघतातच, त्यातली एखादी खेप इंग्रजीत होऊ द्या. गोष्ट आधीच पाठ असल्याने इंग्रजी आपोआप उलगडत जातं.

आता यजमानांच्या ‘मूळ’ या मुद्द्याकडे येतो, कारण तो मला दर गणपतीत कुणी ना कुणी ऐकवतं. ॲनिमेशनमध्ये पडद्यावर कुणी बोलत नसतंच. सिंहाचं चित्र असतं आणि बंद बूथमध्ये उभा राहून कुणी तरी बोललेलं असतं, इंग्रजीतसुद्धा. फरक इतकाच की अमेरिकन स्टुडिओत बहुधा आवाज आधी मुद्रित करतात आणि त्या आवाजावर चित्रं हलवतात, म्हणून तिथले ओठ इंग्रजीला चपखल बसतात. जपानी पद्धत बहुतेक वेळा उलटी: चित्र आधी, आवाज नंतर. जपानी टीव्ही मालिकांत ओठांच्या मोजक्याच आकृत्या असतात, बंद, अर्धवट, उघडे, आणि त्याच फिरवून वापरतात. त्यावर हिंदी बसवणं अमेरिकन चित्रपटापेक्षा पुष्कळ सोपं. ‘डोरेमॉन’ किंवा ‘शिनचॅन’ इंग्रजीत लावलात तर तोही डबच आहे, मूळ जपानी. तिथे हिंदी सोडून इंग्रजी लावण्यात मूळ गाठल्याचं समाधान कसलं?

आणखी मजा पाहा. जपानच्या युगो साको यांनी राम मोहन यांच्यासारख्या भारतीय ॲनिमेटरांना बरोबर घेऊन रामायणावर चित्रपट केला, गेल्या शतकाच्या नव्वदच्या दशकात. त्याचे संवाद आधी इंग्रजीत मुद्रित झाले. हिंदी आवृत्ती मागाहून आली, तिच्यात रामाला आवाज अरुण गोविल यांचा आणि रावणाला अमरीश पुरींचा. जानेवारी 2025 मध्ये हा चित्रपट पुन्हा थिएटरात आला तेव्हा इंदूरच्या आजी-आजोबांना ‘मूळ आवाजात पाहायचं म्हणून इंग्रजीत चला’ असं सांगायची कुणाची छाती झाली असती? ‘मोगली’चंही तेच. मालिका 1989 ची, जपानी. आपल्याकडे 1993 मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची. जंगलाचं ते शीर्षकगीत गुलजारांनी आपल्यासाठी नव्याने लिहिलं, चाल विशाल भारद्वाज यांची. जपानी मालिकेत ते नाहीच. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. ज्या पिढीचं बालपण त्या शेरखानला घाबरण्यात गेलं, तिच्यासाठी मूळ तेच.

तेव्हा वाद हिंदी की इंग्रजी असा नाहीच. कुठला डब मनापासून केला आहे आणि कुठला उरकला आहे, हे ओळखता आलं पाहिजे. त्यासाठी काम कसं चालतं ते थोडं सांगतो.

आमच्याकडे चित्र येतं, बरोबर टाइमकोड घातलेली, म्हणजे कुठलं वाक्य कुठल्या क्षणी येतं ते नोंदवलेली डायलॉग लिस्ट येते, आणि संवाद वगळून बाकी सगळा आवाज, म्हणजे संगीत, पावलं, दारं, वारा, वेगळ्या ट्रॅकवर येतो. त्याला आम्ही एम अँड ई (म्युझिक अँड इफेक्ट्स) म्हणतो. मोठा चित्रपट असेल तर चोरी होऊ नये म्हणून चित्रावर भलामोठा वॉटरमार्क असतो, कधी कधी तर बाकी पडदा काळा आणि बोलणाऱ्याचं तोंड तेवढं दिसतं. पात्र कड्यावर उभं आहे की खाटेवर झोपलं आहे, हे लिस्टमधल्या टिपेवरून समजून घ्यायचं आणि त्याप्रमाणे आवाज काढून घ्यायचा.

लेखकाची खरी लढाई लांबीशी असते. इंग्रजीत जे दीड सेकंदात होतं त्याला हिंदी सहज दोन-सव्वादोन सेकंद मागते. मग वाक्य पिळायचं, एखादा शब्द टाकून द्यायचा, कधी अर्थच दुसऱ्या बाजूने पकडायचा. वर ओठांचा हिशेब. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. चेहरा जवळून दिसत असेल आणि चित्रात ओठ मिटले असतील तर तिथे यांपैकी काही तरी आलंच पाहिजे. पात्र पाठमोरं किंवा लांब असेल तर मोकळीक, आणि चांगला लेखक अडलेला मजकूर नेमका अशा पाठमोऱ्या जागी नेऊन ठेवतो. हिंदीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्याचा मथितार्थ उशिरा हाती लागतो. इंग्रजीत मात्र तो आधीच कळलेला असतो आणि समोरचं पात्र त्या शब्दावर डोळे विस्फारून बसलेलं असतं. वाक्य फिरवलं नाही तर ऐकणारा आधी दचकतो आणि बातमी मागाहून येते. प्रेक्षकाला हे नेमकं सांगता येत नाही, ‘काही तरी खटकतंय’ एवढंच वाटतं.

कलाकार एकेकटे येतात. पडद्यावर सहा जण एकमेकांवर ओरडत असले तरी बूथमध्ये एकच जण उभा असतो, कानात मूळ आवाज, समोर कागद, डोळे चित्रावर. बाकीचे पाच त्याला कल्पनेत ऐकायचे. जमलेला डब म्हणजे वेगवेगळ्या दिवशी मुद्रित झालेली ही माणसं एकाच खोलीत भांडताहेत असं वाटणं. ते दिग्दर्शकाचं काम, आणि घाईत सगळ्यात आधी तेच सुटतं.

घरी बसून परीक्षा कशी करायची? माझी पहिली कसोटी बोलण्याची नाहीच. हसणं, हुंदका, धाप, ठेच लागल्यावरचा ‘आई गं’ हे ऐका. उरकलेल्या कामात हे आवाज इंग्रजी ट्रॅकमधले तसेच ठेवून देतात. मग पात्र एका गळ्याने हसतं आणि दुसऱ्या गळ्याने बोलतं. मुलं हे चटकन पकडतात. दुसरी खूण गर्दीची: नायक हिंदीत ओरडतो आणि मागचा बाजार इंग्रजीत कुजबुजतो, म्हणजे गर्दीचं डबिंग झालेलंच नाही. तिसरी, जागेची. गुहेत बोललेलं गुहेत बोलल्यासारखं वाटतं का? की संवाद सुरू झाला की वारा आणि पाणी गप्प, आणि माणूस कापडाने मढवलेल्या खोलीतून बोलतोय? एम अँड ई ट्रॅक अपुरा असला किंवा मिक्सिंगला वेळ दिला नसला की असं होतं. आणि कलाकार वाक्याच्या शेवटी पळत असेल, शेवटचे दोन शब्द गिळत असेल, तर दोष त्याचा नाही, लेखकाने कात्री चालवलेली नाही.

‘डेस्पिकेबल मी’ चित्रपटांतल्या त्या पिवळ्या मिनियन्सना या सगळ्यातून सुटका आहे. त्यांची ती अगम्य बडबड डब करत नाहीत, बहुतेक सगळे मिनियन पियेर कॉफां या दिग्दर्शकानेच बोललेले असतात आणि जगभर तेच वाजतं. तुमच्या धाकट्याला ते आवडत असतील तर कुठल्या भाषेत लावलं याने फारसं बिघडत नाही.

गाण्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. ओढलेल्या सुरावर ‘आ’ किंवा ‘ओ’ यायला हवा, कारण चित्रातलं तोंड उघडं असतं. तिथे ‘ई’वर संपणारा शब्द ठेवला की गायिका कितीही मोठी असो, चित्र आणि सूर फाटतात. काही डबमध्ये गाणी इंग्रजीतच सोडून देतात. बोलताना हिंदी, गाताना इंग्रजी, आणि लहान मुलासाठी गोष्टीचा तेवढा तुकडा गायब, कारण ॲनिमेशनमध्ये गाण्यात बरीच कथा सरकते. असा चित्रपट असेल तर गाणं लागायच्या आधी दोन वाक्यांत त्यात काय होणार ते सांगा.

मोठ्या नटांचे आवाज हा विषय निघाला की आमच्या धंद्यात दोन तट पडतात. पोस्टरवर नाव छापता येतं हे पहिलं कारण, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कधी निवड खरंच भूमिकेसाठी होते. ‘द इन्क्रेडिबल्स’ 2004 मध्ये हिंदीत ‘हम हैं लाजवाब’ म्हणून आला, त्यात बापाचा आवाज शाहरुख खानचा आणि मुलगा डॅशचा आवाज शाहरुखचा मुलगा आर्यन याचा. पुढे 2019 च्या ‘द लायन किंग’मध्ये हीच जोडी मुफासा आणि सिंबा म्हणून आली. बाप-लेकाच्या बोलण्यातली ती सलगी बूथमध्ये शिकवून येत नाही. 2016 च्या ‘द जंगल बुक’मध्ये इरफान खानने बल्लूला पंजाबी ढंगाची हिंदी दिली. आळशी, खाऊन-पिऊन सुखी अस्वल त्या बोलीत इंग्रजीपेक्षा जास्त फुललं, असं मी कुणाशीही पैज लावून सांगेन. शेरखान तिथेही नाना पाटेकर, बघीरा ओम पुरी. ‘लायन किंग’मधला श्रेयस तळपदेचा टिमॉन आणि संजय मिश्रांचा पुंबा याच जातकुळीतले.

मात्र बोलीचा मसाला इंदुरी पोह्यावर भुरभुरतात त्या जीरावन मसाल्यासारखा, चिमूट चुकली की पोहे गेले. प्रत्येक विनोदी पात्राला बंबइया, प्रत्येक मूर्खाला कुठल्या तरी प्रांताचा हेल, आणि हवालदार किंवा कामवाली आली की तिला ठरलेली मराठी हिंदी, हा आमच्या धंद्यातला आळस आहे. तुमची मुलं तो हेल ऐकून हसली तर त्यांना एवढंच विचारा, ‘आजी अशी बोलते का रे?’ पुढचं ती समजून घेतील.

बरं, डबला शिव्या घालण्याआधी टीव्हीची सेटिंगं तपासा. हे मी विनोदाने सांगत नाही. ओळखीच्यांच्या घरी ‘ओठ आणि आवाज जुळत नाही’ ही तक्रार पाहायला गेलं की अनेकदा ब्लूटूथ स्पीकर निघतो. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि तेवढ्याने नीट केलेला लिप सिंकही वाया जातो. तारेने जोडा, नाही तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ऑडिओ डिले किंवा लिप सिंक असं काही असेल तर ते हलवून बघा. दुसरी तक्रार, संगीत धडधडतं आणि बोलणं ऐकू येत नाही. चित्रपटाच्या 5.1, म्हणजे अनेक स्पीकरांसाठी केलेल्या मिक्समध्ये संवाद बहुतेक मधल्या चॅनेलवर असतात. टीव्हीचे आपले दोनच स्पीकर असतील तर स्टिरिओ ट्रॅक निवडा, फरक लगेच पडेल. आणि एकाच चित्रपटाचे टीव्हीवरचे आणि थिएटरचे हिंदी डब वेगळे असू शकतात. मुलगी ‘हा आवाज तो नाही’ म्हणाली तर तिचं ऐका, बहुधा ती बरोबर असते.

थिएटरला जाणार असाल तर तिकीट काढताना भाषा नीट पाहा. एकाच पडद्यावर एक खेळ हिंदी आणि पुढचा इंग्रजी असतो, आणि आत बसल्यावर कळलं तर धाकटा रडतो. प्रमाणपत्रही बघत जा. यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचं प्रमाणपत्र, आता 7+, 13+ आणि 16+ अशा पायऱ्यांत येतं. ॲनिमेशन म्हणजे मुलांचंच, असं समजू नका. ‘डीमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल’ सप्टेंबर 2025 मध्ये हिंदीतही लागला, पण त्यातली तलवारबाजी आणि रक्त सहा वर्षांच्या मुलासाठी नाही.

आता सासरेबुवा. त्यांची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. 2013 मध्ये बांगलादेश सरकारने हिंदी ‘डोरेमॉन’चं प्रक्षेपण बंद केलं, कारण ढाक्याची मुलं घरात हिंदी बोलायला लागली होती. मुलं कार्टूनमधून भाषा उचलतात हे खरंच आहे. पण ढाक्याच्या गल्लीत, दुकानात हिंदी नव्हती, इंदुरात ती पायरीपाशीच उभी आहे. होळकरांबरोबर अठराव्या शतकात माळव्यात आलेल्या घरांची मराठी तेव्हापासून हिंदीच्या शेजारी नांदते आहे. ‘मी येऊन राहिले आहे’ म्हणणारी आमची आजी डोरेमॉन बघत नव्हती. पुण्याचे पाहुणे त्यावर हसायचे, हसू देत.

तेव्हा आजोबांना मी म्हणेन, हिंदी बंद करून मराठी वाढणार नाही, मराठीला तिची स्वतःची जागा हवी. मराठी डब अजून कमी आहेत. 2023 चा ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत आला, त्यांत मराठी होती, पण अशी उदाहरणं थोडी. माझा उपाय धंद्यातलाच आहे. आवडत्या चित्रपटातला दोन मिनिटांचा प्रसंग निवडा, टीव्ही म्यूट करा, आणि घरच्यांनी पात्रं वाटून घेऊन मराठीत बोलायचं. पहिल्यांदा नुसतं बघायचं. दुसऱ्यांदा आपलं पात्र कधी तोंड उघडतं, कधी मिटतं ते टिपायचं. तिसऱ्यांदा बोलायचं, आणि फोनवर मुद्रित करून चित्रासोबत वाजवायचं. दोन पात्रांचाच प्रसंग घ्या, त्यात दिसणारे चेहरे मोठे नकोत, आणि सुरुवातीला ओठ मिटण्याच्या भानगडीत पडू नका. आजोबांना खलनायक द्या. सिंह किंवा राक्षस बोलायला मिळाल्यावर तक्रार करणारे आजोबा मी अजून पाहिले नाहीत. मुलांना शब्द सुचणार नाही, ती हिंदीकडे वळतील, तिथे आजोबांनी मराठी शब्द पुरवायचा. चूक काढायची नाही, फक्त पुरवायचा, टेक थांबवून.

‘शॉन द शीप’सारखे मुळातच संवाद नसलेले चित्रपट यासाठी उत्तम. तिथे कुणाचा डब चांगला हा प्रश्नच नाही, मेंढ्या काय म्हणतात ते सगळं तुम्हीच ठरवायचं.

राहता राहिली लेक. आवाज काढता येणं ही सुरुवात असते, पण स्टुडिओत पहिली गोष्ट पाहतात ती वाचन. समोर ठेवलेला अनोळखी कागद न अडखळता, अर्थ कळून, भाव धरून वाचता आला पाहिजे, तोही देवनागरीतून. इंग्रजी माध्यमाची मुलं इथेच अडकतात. तेव्हा तिला रोज थोडं हिंदी आणि मराठी मोठ्याने वाचू द्या. गोष्टी, संवाद, वर्तमानपत्र, काहीही चालेल. इंदुरात मराठी नाटकं आणणाऱ्या ‘सानंद’ संस्थेची नाटकं बघायला न्या आणि घरी आल्यावर कुठला नट कुठे श्वास घेत होता ते विचारा. शाळेत, मंडळाच्या गणेशोत्सवात रंगमंच मिळत असेल तर सोडू नका. डबिंग शेवटी अभिनयच आहे, फक्त चेहरा दुसऱ्याचा.

एक गोष्ट माहीत असू द्या. पडद्यावरच्या लहान मुलांचे आवाज पुष्कळदा मोठ्या बायका देतात. नोबिताचा आवाज जपानमध्येही स्त्रियांनीच दिला आहे. मुलांना तासन्तास बूथमध्ये उभं करता येत नाही, आणि मुलगा वयात आला की आवाज फुटतो, मग मालिकेचं काय? त्यामुळे लहानांना कामं थोडी, आणि आहेत ती बहुतेक मुंबईत. दहाव्या वर्षी त्यासाठी मुंबईच्या चकरा मारू नका. कुणी ‘ऑडिशनची फी’ किंवा ‘हमखास काम देणारा कोर्स’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, आवाजाच्या चाचणीला स्टुडिओ पैसे घेत नाही. तूर्त तिने काढलेले आवाज फोनमध्ये जपून ठेवा. मात्र नकलांबरोबर तिच्या स्वतःच्या साध्या आवाजातलं मिनिटभर वाचनही असू द्या, कारण चाचणीच्या वेळी सगळ्यात आधी आम्ही तेच ऐकतो.